परलोकाची कागदपत्रं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून सेक्रेटरी घरी आले. त्यांची अपेक्षा अशी की मी सोसायटीच्या पहिल्या वर्षांवर लिहावं. पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, लिफ्टचं टेंडर वगैरे. आठ वर्षं खजिनदार होतो, तेव्हा अपेक्षा रास्तच. पण त्या विषयांवर मला जे म्हणायचं होतं ते दर वार्षिक सभेत म्हणून झालेलं आहे, आणि ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही ते आता वाचणार नाहीत. म्हणून मी म्हटलं, इजिप्तवर लिहितो. ते खुश झाले. "प्रवासवर्णन का काका?" मी म्हटलं, नाही हो. मी इजिप्तला गेलेलो नाही आणि या गुडघ्यांनिशी आता जाणारही नाही. माणूस मेल्यावर पुढे काय होतं, याबद्दल तिकडच्या लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यावर लिहायचा विचार आहे. ते जरा गप्प झाले. "रौप्यमहोत्सवात बरं दिसेल का ते?" असं म्हणाले. चहा झाला, आणि परवानगी मिळाली. तेव्हा वाचकांनी दोष द्यायचा तर मला द्यावा.

या वेडाची सुरुवात सोसायटीतूनच झाली. काहींना आठवत असेल, २०१२ च्या शेवटी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमची ममी आली होती. आपण नऊ जण लोकलने गेलो होतो, पुरणपोळ्या बांधून घेऊन. आत काळे चष्मे लावून एक त्रिमिती फिल्म दाखवत. नेस्पेरेन्नुब नावाचा पुजारी, कर्नाकच्या देवळातला, इ.स.पू. ८०० च्या सुमाराचा. त्याची पट्टी न सोडता, सीटी स्कॅन करून त्याला आतून बघितलेलं. आपण आता एमआरआयला जातो तसा हा गृहस्थ मेल्यानंतर अठ्ठावीसशे वर्षांनी जाऊन आला.

त्या स्कॅनमध्ये त्याच्या डोक्याच्या मागे एक वाडगा दिसला. कच्च्या मातीचा, न भाजलेला. आधी अभ्यासकांना वाटलं की हा काहीतरी गूढ विधी असणार. मग लक्षात आलं की पातळ राळ ओतताना ती खाली ओघळू नये म्हणून डोक्याखाली वाडगा ठेवला असावा, राळ घट्ट झाली, वाडगा चिकटून बसला, काढायला गेले तर कातडीही येईना. मग काय करणार? वाडग्यासकट पट्ट्या गुंडाळून टाकल्या. वर सगळं चकचकीत, सोनेरी मुलामा, नाव, देवांची चित्रं. आत चूक तशीच. आमची ही अंधारात मला म्हणाली, "तुमच्या बँकेत असंच करत असतील ना?" मी काही बोललो नाही. पण सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ती ममी एकदम ओळखीची वाटली, हे खरं.

तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. पिरॅमिडांचे दगड कसे वर नेले यात मला फारसा रस नाही, त्यावर टीव्हीवाले बघून घेतील. मला रस आहे तो कागदपत्रांत. मेल्यानंतरच्या प्रवासासाठी इतकी कागदपत्रं दुसऱ्या कोणी केली असतील असं मला वाटत नाही.

सगळ्यांत जुनी कागदपत्रं कागदावर नाहीत, भिंतीवर आहेत. सक्कारा इथे उनास नावाच्या राजाचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. २३५० च्या सुमाराचा. बाहेरून आता नुसता ढिगारा दिसतो. आत मात्र शवपेटीच्या खोलीच्या भिंतींवर उभ्या ओळींत चित्रलिपी कोरलेली आहे, तीत निळा रंग भरलेला, आणि वर छताला चांदण्या. मास्पेरो नावाच्या फ्रेंच विद्वानाने १८८१ मध्ये हा मजकूर उजेडात आणला. यात राजाने आकाशात कसं चढावं ते आहे. शिडीने, पंखांनी, धुरावरून, जसं जमेल तसं. चढून मग कधीच न मावळणाऱ्या उत्तरेकडच्या ताऱ्यांत जाऊन मिळायचं. एक गंमत मला फार आवडते. नंतरच्या काही पिरॅमिडांत सापाचं किंवा सिंहाचं अक्षर आलं की ते मुद्दाम अर्धवट कोरलेलं असतं, किंवा मधून कापलेलं. कारण लिहिलेलं ते खरं होतं अशी त्यांची श्रद्धा. भिंतीवरच्या सापाने राजाला चावू नये म्हणून ही काळजी! लिहिण्यावर एवढा विश्वास आपल्या रजिस्ट्रारचाही नसेल.

ही सोय तेव्हा फक्त राजाला होती, पुढे राण्यांनाही मिळाली. मग दोन-तीनशे वर्षांनी राज्याचे तुकडे झाले, प्रांताप्रांतांतले अधिकारी डोईजड झाले, आणि त्यांच्या लाकडी शवपेट्यांच्या आतल्या बाजूला तसेच मंत्र दिसू लागतात. परलोकाचं राष्ट्रीयीकरण झालं म्हणा ना! १९६९ नंतर बँकेच्या दारात धोतरवाले शेतकरी दिसू लागले तसं. (काही अभ्यासक म्हणतात की हे इतकं सरळ नव्हतं, साध्या माणसांचे स्वतःचे तोंडी मंत्र आधीपासूनच असणार, फक्त ते लिहिलेले मिळत नाहीत. मला हे पटतं. खातं नव्हतं म्हणून माणसाकडे पैसेच नव्हते असं थोडंच असतं.) अल-बर्शा गावाजवळच्या काही पेट्यांच्या तळाला चक्क नकाशा काढलेला आहे. दोन वाटा, एक पाण्याची निळी आणि एक जमिनीची काळी, मधे आगीचं तळं, वळणावळणावर सुरे घेतलेले राखणदार. प्रत्येकाचं नाव माहीत असेल तर तो सोडतो. मेलेला माणूस नकाशावर झोपलेला, म्हणजे उठला की पायाखाली रस्ता.

आणि मग इ.स.पू. १५५० च्या आसपासपासून पपायरसच्या गुंडाळ्या येतात, ज्यांना आपण मृतांचं पुस्तक म्हणतो. हे नाव त्यांचं नव्हे. लेप्सियस या जर्मन विद्वानाने १८४२ मध्ये तूरीनच्या संग्रहालयातली एक गुंडाळी छापली, तिचे १६५ भाग पाडले आणि हे नाव रूढ केलं. मूळ नावाचा अर्थ साधारण 'दिवसा बाहेर पडण्याचे मंत्र' असा आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. मरणाचं पुस्तक नव्हेच ते. थडग्यातल्या काळोखातून सकाळी उन्हात बाहेर यायचं, हिंडायचं, रात्री परत आपल्या देहाशी यायचं, त्याची सोय. माणसाचं 'बा' नावाचं एक अंग ते पाखरासारखं काढत, पाखराचं शरीर आणि माणसाचं तोंड. ते दिवसा उडून जातं आणि संध्याकाळी परततं. त्याला परतायला जागा हवी, म्हणून तर देह टिकवायचा. सत्तर दिवसांचा तो सगळा खटाटोप, नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवणं, आतडी-फुप्फुसं काढून वेगळ्या बरण्यांत ठेवणं, हे त्या पाखराच्या घरट्यासाठी. मेंदू मात्र नाकातून काढून फेकून देत, त्याची त्यांना काही किंमत नव्हती. हृदय जागेवर ठेवत. आठवण, बुद्धी, नियत सगळं हृदयात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पुस्तकाचा धंदा कसा चाले ते वाचून मी हसलो. लेखनिक लोक गुंडाळ्या आधीच तयार करून ठेवत आणि गिऱ्हाइकाच्या नावासाठी जागा कोरी सोडत. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. थोडक्यात, छापील फॉर्म! सगळ्यांत प्रसिद्ध गुंडाळी आनी नावाच्या लेखनिकाची, इ.स.पू. १२५० च्या सुमाराची, मुळात जवळजवळ चोवीस मीटर लांब. तिच्यातही काही ठिकाणी त्याचं नाव निराळ्या हातानं मागाहून भरलेलं दिसतं. बज नावाच्या इंग्रजाने १८८८ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवली आणि तिचे कापून ३७ तुकडे केले. तीन हजार वर्षं अखंड राहिलेली वस्तू. असो. किंमत म्हणाल तर एका नोंदीत एक देबेन चांदी, म्हणजे नव्वदएक ग्रॅम, अशी आहे. मजुराची सहाएक महिन्यांची कमाई म्हणतात. त्यामुळे ऐपतीप्रमाणे कोणी दोनशे मंत्र घेई, कोणी दोन.

आता मुख्य गोष्ट, हृदयाचं वजन. चित्र आपण सगळ्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. मधोमध तराजू. एका पारड्यात मेलेल्याचं हृदय, दुसऱ्यात मात देवतेचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची नीट बसलेली घडी, सगळं एकत्र. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस काटा बघतो, थॉथ हा लेखनिकांचा देव लेखणी घेऊन निकाल लिहितो, आणि बाजूला अम्मित बसलेली. तोंड मगरीचं, पुढचा भाग सिंहाचा, मागचा पाणघोड्याचा. हृदय जड निघालं तर ते तिचं. मग तो माणूस नरकात वगैरे जातो असं नाही. तो उरतच नाही, खातं बंद.

वजनाआधी बेचाळीस देवांपुढे उभं राहून एकेकाला नावानं हाक मारायची आणि आपण काय केलं नाही ते सांगायचं. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. खून, चोरी, व्यभिचार हे तर आहेच. पण त्याखेरीज तराजूचं माप मारलं नाही, जमिनीची मोजणी कमी दाखवली नाही, दुसऱ्याचं वाहतं पाणी अडवलं नाही, लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही, कोणाला रडवलं नाही, चोरून ऐकलं नाही, उगाच आवाज चढवला नाही, असंही आहे. यातली शेवटची दोन कलमं आपल्या सर्वसाधारण सभेत लावली तर किती जण पलीकडे जातील ते मी लिहीत नाही. मीही त्यात आलो.

पण ऑडिटर म्हणून माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. ही चित्रं माणूस जिवंत असताना काढून घेतलेली. आणि प्रत्येक चित्रात काटा बरोबर मधे आणि निकाल अनुकूल. म्हणजे ऑडिट व्हायच्या आधीच सर्टिफिकेट फाईलला! त्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती, कारण पुन्हा तेच, लिहिलेलं ते खरं होतं.

याहून पुढची पायरी म्हणजे ३० क्रमांकाचा मंत्र. तो हिरवट दगडाच्या भुंग्यावर, म्हणजे शेणकिड्याच्या आकाराच्या ताइतावर कोरत आणि ममीच्या छातीवर पट्ट्यांत ठेवत. देवांना उद्देशून नाही तो. स्वतःच्या हृदयाला उद्देशून आहे. आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, अशी त्याला हाक मारलेली असते, आणि विनवणी अशी की तराजूपुढे उभा राहीन तेव्हा तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हृदय आईकडून मिळतं, हे त्यांनी मंत्राच्या सुरुवातीलाच घातलंय.

मी हे हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे खोटं बोलायची सोयच की." अभ्यासकही असंच काहीतरी म्हणतात, जरा सभ्य शब्दांत. मला तसं वाटत नाही. ज्याला खोटं पचवता येतं त्याला हृदयाची भीती कशाला वाटेल? बेचाळीस देवांना नाही म्हणता येतं, आतल्याला म्हणता येत नाही, हे ज्याला माहीत आहे तोच हा भुंगा करून घेणार. यावर मी परत येतो.

तराजूतून पार पडलं की पुढे काय, तर वेताचं शेत. तिथलं सातूचं पीक पाच हात उंच, त्यातलं कणीस दोन हातांचं आणि काडी तीन हातांची, असं माप दिलेलं आहे. चित्रात नवराबायको पांढरे स्वच्छ कपडे घालून नांगरतायत, कापणी करतायत. स्वर्गातही शेतीच! माझे आजोबा कोकणात दुसऱ्याच्या जमिनीत राबले, त्यांना हा स्वर्ग दाखवला असता तर ते परत फिरले असते. इजिप्तच्या लोकांनाही ही अडचण कळली होती. म्हणून उशब्ती. वीतभर उंचीच्या बाहुल्या, हातात कुदळी. परलोकात वेठबिगारीची हाक आली, शेत करा, पाणी द्या, वाळू वाहा, की आपल्याऐवजी यांनी 'हजर' म्हणायचं. आधी एखाद-दुसरी असे, पुढे वर्षाच्या दर दिवसाला एक अशा ३६५, आणि दर दहांवर देखरेखीला एक मुकादम असे ३६. एकूण ४०१. तूतनखामेनपाशी ४१३ निघाल्या. मेल्यावरसुद्धा सुपरवायझर लागतो हे वाचून माझ्या जुन्या सहकाऱ्यांना बरं वाटेल.

ब्रिटिश म्युझियममध्ये या बाहुल्यांच्या विक्रीची एक पावतीच आहे. विकणारा लिहून देतो की ४०१ नगांची चांदी मला पोचली, आणि मग बाहुल्यांनाच बजावतो की तुमची मजुरी या माणसाने चुकती केली आहे, तेव्हा त्याच्यासाठी राबा. पावती मिळाल्याशिवाय बाहुलीही काम करणार नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होतं.

सगळे यावर डोळे मिटून विश्वास ठेवत असं मात्र नाही. थडग्यांत वीणा वाजवणाऱ्या आंधळ्या गवयांची चित्रं असतात, आणि त्यांच्या एका जुन्या गाण्यात सरळ म्हटलंय की तिकडून परत येऊन तिथलं कसं आहे ते कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा आजचा दिवस नीट घालवा. हे गाणं थडग्यातच लिहिलेलं! आपल्याकडे दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे श्वास रोखून बसतात, आणि शिवला की त्यातलेच दोघे घड्याळ बघतात. तसंच असणार.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. राजांची थडगी कोरणारी माणसं कुठे राहत? लक्सरच्या पलीकडच्या तीरावर, डोंगराच्या घळीत, देर अल-मदिना म्हणून जागा आहे. सरकारी कारागिरांची वसाहत. दगडफोडे, चित्रकार, लेखनिक. एका भिंतीच्या आत सत्तरच्या आसपास घरं, एकमेकांना चिकटून, मधून एक बोळ. आपले फ्लॅट ७२ आहेत, तेव्हा अंदाज यावा. जवळ विहीर नाही, पाणी गाढवावरून यायचं, म्हणजे टँकर. पगार धान्यात. रामसेस तिसरा राजा असताना त्याच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा ही मंडळी काम टाकून देवळामागे जाऊन बसली. जगातला पहिला नोंदलेला संप तो. नोंद करणारा लेखनिकही त्यांच्यातलाच. याच वसाहतीतला खा नावाचा मुकादम. त्याचं थडगं १९०६ मध्ये न फुटलेलं सापडलं, सामान सगळं तूरीनला आहे. त्याची बायको मेरित आधी गेली. तिची पेटी तयार नव्हती, म्हणून त्याने स्वतःसाठी केलेली पेटी तिला दिली. ती तिला मोठी होती. रिकाम्या जागेत कापडं भरली.

या वसाहतीत रोजचे हिशेब दगडाच्या कपच्यांवर लिहीत, कारण पपायरस महाग. हजारो कपच्या निघाल्या. त्यातली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाची, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या आगेमागे. ते मस्टर आहे. चाळीस माणसांची नावं, पुढे कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही त्या तारखा काळ्या शाईत, आणि वर कारण तांबड्या शाईत. याचा फोटो मी मुलाकडून मोठा करून घेतलाय, टेबलावर काचेखाली असतो. विंचू चावला. डोळे आलेत. घरी बिअर गाळायची आहे. बायको किंवा मुलगी बाजूला बसली आहे, होय, हेही कारण आहे आणि वारंवार आहे. एक जण भावाचं प्रेत बांधायला गेला आहे. आणि एकापुढे आहे, आईला गुंडाळायला गेला.

एवढंच. तांबड्या शाईत दोन-तीन शब्द. रजा मागितली, मिळाली, नोंद झाली.

१९८४ सालचा डिसेंबर. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत अकाउंटंट होतो. तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं आणि सगळं हातानं. तरुण मंडळींना कल्पना येणार नाही, पण एकेका लेजरची बेरीज, व्याज लावणं, बॅलन्सिंग, यात डिसेंबरचा दुसरा पंधरवडा रात्री अकरापर्यंत जायचा. आई रत्नागिरी जिल्ह्यात गावी, थोरल्या भावाकडे. २७ तारखेला दादाची तार आली, आई सिरियस, ताबडतोब निघ. सेव्हिंग्जमध्ये अकरा रुपये चाळीस पैशांचा फरक येत होता. त्याच महिन्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू झाला होता, निकाल यायचा होता. आईचं 'सिरियस' आधी दोनदा होऊन गेलं होतं. मी तार खिशात ठेवली. क्लोजिंग करू आणि ३१ च्या रात्रीच्या एसटीने निघू, असं ठरवलं. फरक २९ ला सापडला, एका सातचा एक वाचला गेला होता आणि इतर बारीकसारीक. आई ३० ला गेली. दुसरी तार मला ३१ ला दुपारी मिळाली. मी १ तारखेला पोचलो तेव्हा राख गार झाली होती.

दारातच दादाने विचारलं. मी म्हणालो, रजा मिळाली नाही.

हे खोटं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. साहेबांच्या केबिनपर्यंत गेलोच नव्हतो. गेलो असतो तर त्यांनी मला त्याच संध्याकाळी स्टँडवर सोडलं असतं, तशातले ते होते. नातेवाइकांत ती गोष्ट अशीच रुजली, की बँकेने आईच्या वेळीसुद्धा सोडलं नाही. चार वर्षांनी मुलाच्या मुंजीला साहेब आले होते. दादा जेवणाच्या पंगतीत त्यांना म्हणाला, "तुम्ही माझ्या भावाला आईचं तोंड बघू दिलं नाहीत." मी वाढत होतो, हातात जिलबीचं ताट. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग दादाला म्हणाले, "चुकलंच माझं. माफ करा." आणि जेवले. त्यानंतर वीसेक वर्षं आमचा संबंध होता, त्यांनी हा विषय काढला नाही, मीही नाही. आता ते नाहीत, दादाही नाही. त्या वर्षीचं मस्टर कधीच रद्दीत गेलं असेल. पण २७ ते ३१ त्यात माझी सही आहे, पाचही दिवस, रविवारसुद्धा.

मृतांना पत्रं लिहायची रीतही इजिप्तमध्ये होती. थोडीच मिळाली आहेत, वीसेक म्हणा. काही पपायरसवर, काही जेवणाच्या वाडग्यांवर. मेलेल्याला अन्न ठेवायचं, तो खायला आला की वाचेल. काऊ गावी पेट्रीला असा एक वाडगा सापडला, चार हजार वर्षांपूर्वीचा, आता लंडनला आहे. शेप्सी नावाच्या मुलाने आतल्या बाजूला बापाला लिहिलंय आणि बाहेरच्या बाजूला आईला. काम आहे जमीनजुमल्याचं, घरातला एक जण त्रास देतोय, तुम्ही तिकडून बघा. पण आईला लिहिताना आधी तो तिला एक आठवण करून देतो. तू मला लावे आण म्हणाली होतीस, खावेसे वाटतात म्हणालीस, आणि मी सात आणले, आणि तू खाल्लेस. हे आठवतंय ना? मग आता माझं असं होऊ कसं देतेस?

बाकी सगळी शास्त्रं, मंत्र, नकाशे एका बाजूला आणि हे सात लावे एका बाजूला, असं मला झालं. त्याच्याकडे सांगायला ते सात होते.

आईने त्या दिवाळीत मला सांगितलं होतं, तोंडाला चव नाही, पुढच्या खेपेला तिकडची शेंगांची चटणी आण. मी अर्धा किलो घेऊन ठेवली होती, १ जानेवारीला न्यायची म्हणून. नेलीही. तिथे पिशवीतून बाहेर काढायचा धीर झाला नाही. सगळे दिवस करून परत आलो तेव्हा तशीच बरोबर आली. शाखेत डब्याच्या वेळी टेबलावर ठेवली. साहेबांनी विचारलं, "गावाकडची का?" मी हो म्हणालो. साहेब मूळचे सोलापूरचे. त्यांनी भाकरीवर घेतली, खाल्ली, आणि डबा पुढच्याकडे सरकवला.